ज्या ब्रँचचं नाव घरात निघत नव्हतं

माझे बाबा कारंजा डेपोत एसटीचे ड्रायव्हर आहेत, आणि माझा दादा त्याच रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो. बाबांची बस आमच्या कामरगावच्या स्टँडवर लागायच्या थोडं आधी दादाची जीप तिथं उभी असते. वाट पाहून कंटाळलेली माणसं तिच्यात बसून निघून जातात आणि बाबांसाठी उरतात त्या पास काढलेल्या शाळेच्या पोरी आणि अर्ध्या तिकिटाच्या बाया. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायला बसले की बाबा आईकडे बघून म्हणायचे, "आजबी माह्या शिटा कोनीतरी उचलल्या व." दादा खाली मान घालून भाकर मोडत राहायचा. आई हसायची नाही. दादा जीपवर कसा आला ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

दादा आमच्या मोहल्ल्यातून इंजिनिअरिंगला गेलेला पहिला मुलगा. त्याचा नंबर विद्यापीठात लागला तेव्हा विहारात त्याचा सत्कार झाला होता. कम्प्युटर ब्रँच. बाबांनी रस्त्यावरच्या प्रत्येक थांब्यावर ही बातमी पोचवली होती. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात बाबांच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं त्यांना डेपोत बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचा पोरगा रोज बसस्टँडवर बसून राह्यते. कालेजात जात नाई वाटते." बाबा दुसऱ्या दिवशी गेले आणि दादाला घेऊन आले. गादी, पेटी आणि लॅपटॉप, एवढं सामान. बाबांनी त्याला काही विचारलं नाही. आईनं लॅपटॉप आपल्या जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात कम्प्युटर हा शब्द निघेनासा झाला. पाहुण्यांपैकी कुणी काढलाच, तर आई चहाचं विचारायला लागायची.

मी तेव्हा दहावीत होते. अकरावीत ऑनलाइन क्लासपुरता म्हणून मी तो लॅपटॉप आईकडून मागून घेतला. दादाची प्रॅक्टिकलची सॉफ्टवेअर त्यात तशीच होती, आणि प्रोग्रॅमिंगच्या एका पुस्तकाची फाइल. काय आहे बघावं म्हणून पहिलं पान उघडलं आणि मग मी त्यात अडकलेच. एक अर्धविराम राहिला तरी अख्खा प्रोग्रॅम अडून बसायचा. तो अर्धविराम सापडेपर्यंत मला भूक लागायची नाही, आणि सापडला की उगाच घरभर फिरावंसं वाटायचं. विहाराच्या अभ्यासिकेत खुर्च्या कमी आणि मुली जास्त, त्यामुळे रोज भांडणं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो पाळ्या लावून द्यायचा. कुणाची शाळा सकाळची, कुणाला घरी स्वयंपाक असतो, हे सगळं धरून. पाळ्यांचा कागद मी हातानं उतरवून भिंतीला चिकटवला. भांडणं थांबली. सगळ्यांना वाटलं मी बसून हिशोब केला. मी तसंच वाटू दिलं. घरी कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करायची माझी तयारी नव्हती.

सीईटीचा निकाल चांगला आला. आणि मग बाबांच्या बसमध्ये माझ्या ॲडमिशनची चर्चा सुरू झाली.

एसटीत ड्रायव्हरशी बोलू नये असं लिहिलेलं असतं. बाबांच्या बसमध्ये ते वाचतं कोण? कारंज्यापासून कामरगावपर्यंतचा प्रत्येक नेहमीचा प्रवासी त्यांना विचारायचा, "पोरगी काय घेऊन राह्यली?" आणि उत्तर न ऐकताच सल्ला द्यायचा. बाबा रोज संध्याकाळी एक नवीन ब्रँच घरी घेऊन यायचे. पाय धुता धुता सांगायचे.

"आज एक तलाठी भेटले. सिव्हिल घ्या म्हन्ते. सरकारी जागा निघत राह्यतात."

दुसऱ्या दिवशी, "खताच्या दुकानवाले म्हनून राह्यले का केमिकल."

एकदा शिलाईचं काम करणाऱ्या बाईंनी त्यांना टेक्स्टाइल सांगितलं होतं आणि बाबा त्यावर दोन दिवस गंभीरपणे विचार करत होते. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, फूड, प्रॉडक्शन, सगळ्या ब्रँचा आमच्या पाटावर येऊन गेल्या. एक तेवढी आली नाही.

आई अंगणवाडी सेविका. तिला सिव्हिल पटलं होतं. "मुलगी सरकारी कामावर लागली का कोनाच्या तोंडाकडं पाह्याची गरज नाई," ती म्हणायची. दादा या चर्चांमध्ये कधी बोलायचा नाही. जेवण झालं की उठून जीप पुसायला जायचा. त्याची पाठ बघितली की माझ्या तोंडाशी आलेला शब्द मागं फिरायचा. ज्या गोष्टीनं त्याला घरी परत आणलं, तीच मी मागायची? आणि मिळाली, जमली, तर रोज त्याच्यासमोर कसं बसायचं? एके संध्याकाळी मी म्हणून टाकलं, "सिव्हिल घेते." आईचा चेहरा मोकळा झाला. बाबा म्हणाले, "झालं बापा एकदाचं." मला मात्र त्या दिवशीचं वरण कसं झालं होतं ते आठवत नाही.

पसंतीक्रम भरताना पहिला पर्याय जपून टाकावा लागतो. पहिल्या फेरीत तोच मिळाला तर तोच घ्यावा लागतो, मग मागं फिरता येत नाही. मी वहीत विद्यापीठाचं सिव्हिल पहिलं लिहून ठेवलं होतं. त्याआधी कागदपत्रं तपासून घ्यायची होती, आणि त्याचं केंद्र विद्यापीठातच होतं. बाबांना रजा मिळेना. आईच्या अंगणवाडीत त्याच दिवशी मुलांची वजनं होती.

"मी नेतो," दादा म्हणाला.

आई आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. तो तिथून आल्यापासून त्या शहराच्या दिशेनंही गेला नव्हता. दूरचं भाडं आलं तरी नाही म्हणायचा.

सकाळी त्यानं जीप दुसऱ्याच्या हवाली केली आणि आम्ही बसनं निघालो. वाटेत तो पिकांबद्दल बोलत राहिला, कुणाचं सोयाबीन कसं उभं आहे, कुणी तूर लावली. विद्यापीठाच्या फाटकाशी आल्यावर त्याची चाल मंदावली. "तू जा आत. मी अठीच थांबतो," म्हणाला. मी पाच-दहा पावलं गेले असेन, मागून त्याच्या चपलांचा आवाज आला. "चाल. तुले रस्ता नाई सापडनार."

कागदपत्रांचं काम लवकर झालं. मला वाटलं आता परत. दादा म्हणाला, "आली हाय तं सिव्हिलचा डिपार्टमेंट पाहून घे." त्यानं मला तिथं नेलं. सिमेंटचे ठोकळे, ते दाबून फोडायचं यंत्र, जमीन मोजायच्या दुर्बिणी. मी सगळं पाहिलं, मान हलवली. मग तो दुसऱ्या इमारतीकडे वळला. ती कुठली ते दारावर लिहिलेलं होतं.

"इकडं कायले दादा?"

"पाहून घे. पाह्याले काय लागते?"

व्हरांड्यात एक मॅडम समोरून आल्या. त्यांनी दादाला ओळखलं. दादाचे कान लाल झाले. त्या म्हणाल्या, "अरे, तू होतास कुठे? आम्ही किती निरोप पाठवले." दादा म्हणाला, "गावी होतो मॅडम. जीप चालवतो. ही माझी बहीण." मला वाटलं आता मॅडम काहीतरी टोचून बोलणार. त्या म्हणाल्या, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "हो, बरा आहे." एवढंच. मग त्यांनी मला विचारलं, कुठली ब्रँच? मी सिव्हिल म्हणाले. पण मॅडमच्या मागं लॅबचं दार उघडं होतं, आणि माझ्या तोंडून विचारलं गेलं की इथं पहिल्या वर्षी कुठली भाषा शिकवतात. त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, ती मला थोडी येते. त्या म्हणाल्या, काय केलंस तिच्यात? मी अभ्यासिकेच्या पाळ्यांचं सांगितलं. दोन मुलींना एकच वेळ हवी असेल तर माझा प्रोग्रॅम काय करतो, असं त्यांनी विचारलं, आणि तिथंच माझी अडचण होती, ती मी वर्षभर कुणाला विचारू शकले नव्हते. मॅडमनी हातातल्या कागदाच्या पाठीवर चौकोन काढून दाखवायला सुरुवात केली. किती वेळ गेला ते मला कळलं नाही. भान आलं तेव्हा दादा खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता.

कॅन्टीनमध्ये त्यानं दोन चहा आणि पोहे सांगितले. पोहे आल्यावर त्यानं त्यांवर लिंबू पिळलं.

"सिव्हिलात तू एक शबुद बोलली नाई," तो म्हणाला. "अठी तुहं तोंड बंद होत नव्हतं."

मी पोह्यातले शेंगदाणे बाजूला करत राहिले.

"माह्यासाठी टाळून राह्यली काय?"

मला एकदम रडू आलं. कॅन्टीनमध्ये माणसं होती, तरी थांबवता येईना. तो घाबरला. "ये, येडी हाय काय तू? चूप. लोक पाहून राह्यले." मग त्यानं आपला रुमाल माझ्यापुढं सरकवला आणि टेबलाकडे बघत बोलायला लागला.

"कम्प्युटर काई वाईट नव्हता व. मास्तर इंग्रजीत बोलत, मी पहिल्याच महिन्यात मागं पडलो. इचाराची लाज वाटे. बाकीच्याईले सारं समजते असं वाटे. मंग एक दिवस गेलो नाई, मंग दुसऱ्या दिवशी जाऊन काय सांगाव? असं करता करता बसस्टँडवर जाऊन बसाले लागलो. तठी बरं वाटे. गाड्या येत, गाड्या जात. बाबा घ्यायले आले ना, त्या रोजी घरी येऊन मी किती झोपलो तुले आठवते? मले हलकं वाटलं होतं. पन तुमी सारे असे चूप झाले, जसं कोनी मेलं घरात. मंग मले सांगताच आलं नाई का मी चांगला हाय."

"तू चांगला हायेस?" मी विचारलं.

"मले गाडी चालवाले आवडते," तो म्हणाला, जणू ही सांगायची गोष्ट आहे हे त्यालाही आत्ताच सुचलं होतं. "मानसं आवडतात. बाबाईले तं माहीत पायजे, त्याईचाच पोरगा हाय मी."

परतताना कारंज्याला पोचायला संध्याकाळ झाली. कामरगावची शेवटची जीप निघून गेली होती आणि स्टँडवर बाबांची बस लागलेली होती. दादा त्या बसमध्ये दोन वर्षांत चढला नव्हता. बाबांनी आरशातून आम्हाला बघितलं आणि कंडक्टरकडे तोंड वळवलं. मी मधल्या सीटवर बसले. दादा पुढं गेला आणि बाबांच्या मागच्या आडव्या सीटवर बसला.

बस गावाबाहेर पडली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, बाई कम्प्युटर घेईन."

घरात मला बाई म्हणतात. त्याचा आवाज जीपच्या शिटा बोलावणाऱ्या माणसाचा, त्यामुळे ते अर्ध्या बसला ऐकू गेलं. बाबांनी गिअर बदलला.

"कोन म्हन्ते?"

"मी म्हन्तो. तिले येते ते. मी पाहून आलो आज."

"तुले..." बाबा थांबले. "तुले चालते?"

"मले कायले नाई चालन?"

खिडकीशी बसलेले एक गुरुजी पुढं वाकले. "अहो, मी तर केव्हाचा कम्प्युटरच सांगून राहिलो तुम्हाला! तुम्ही विषयच बदलता." मागून एक बाई म्हणाल्या, "माह्या जावयानंबी तेच सांगतलं होतं यायले. आयकलंच नाई." अजून दोघा-तिघांनी साक्ष दिली. तेव्हा मला कळलं की इतके दिवस बसमध्ये ते नाव रोज निघत होतं, आणि बाबा ते वाटेतच कुठंतरी उतरवून बाकीच्या ब्रँचा तेवढ्या घरी आणत होते.

पुढचा थांबा आला. उतरणारे उतरले, कंडक्टरनं डबल बेल दिली, तरी बाबांनी बस काढली नाही. गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मागं न वळता म्हणाले, "तुले वाईट वाटीन म्हनून मी घरात नाव काढत नव्हतो बापा."

"मले माहीत हाय."

"मंग तुले जीपच चालवाची हाय?"

"हो. पन पुढं सोताची घेईन."

"आन माह्या शिटा?"

बस हसली. दादाही हसला, मोठ्यानं, पूर्वी हसायचा तसा. कंडक्टरनं पुन्हा बेल मारली आणि बाबांनी बस काढली. मी खिडकीबाहेर बघत बसले. कपाशीच्या पराट्यांची हिरवी शेतं मागं पळत होती.

आई मात्र बसमधल्या माणसांसारखी लगेच वळली नाही. बाबांचं आणि दादाचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सिव्हिलच बरं होतं." मग माझ्याकडे वळून, "तुले त्यातलं काय येते?" मी लॅपटॉप आणला. तिच्या अंगणवाडीतल्या मुलांची नावं घातली आणि कुणाचं वजन कुठल्या दिवशी करायचं ते लावून दाखवलं. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. "ही बुधवारी येत नाई, तिची माय मजुरीले जाते," म्हणाली. मी ते घातलं, सगळं पुन्हा लागलं. तिनं पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"आन नाई झालं तुह्यानं तं?"

"तं तुले येऊन सांगीन."

"पहिल्यांदा मले. बसस्टँडले नाई."

दादानं खाली बघितलं, आणि मग आईच हसली. तिनं हात लांब करून त्याच्या डोक्यावरून फिरवला. तो एवढा मोठा, पण हलला नाही.

पसंतीक्रम दुसऱ्या दिवशी भरला. पहिलं विद्यापीठाचं कम्प्युटर, आणि खाली बाकीचं. बटण दाबताना चौघंही मोबाइलवर वाकलो होतो. पहिल्या फेरीचा निकाल लागला तेव्हा मी विहार झाडत होते. दादाची जीप रस्त्यात थांबली, मागं शिटा भरलेल्या, आणि तो उतरून धावत आला. "पहिलाच लागला, पहिलाच!" जीपमधली माणसं खिडकीतून डोकावून विचारत होती, काय लागला, कोणाचा लागला. मी हातात झाडू घेऊन तशीच उभी राहिले. मला फार आनंद झाला असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मला पायरीवर बसावंसं वाटलं, आणि मी बसले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. सगळं सोपं गेलं असं नाही. पहिल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात गणिताचे सर इंग्रजीतून भराभर शिकवत गेले आणि फळ्याच्या अर्ध्यात माझा धागा सुटला. आजूबाजूला सगळे लिहीत होते. मी वर्गाच्या दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं, आणि दादा तिथून कसा गेला असेल ते मला दिसलं. मी हात वर केला. म्हणाले, "सर, हे परत सांगाल का? मराठीत सांगितलं तरी चालेल." कुणी हसलं नाही. सरांनी खडू उचलला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सांगितलं. माझ्या शेजारची मुलगी, जी एवढा वेळ लिहीत होती, तिनं आपल्या वहीतलं अर्धं पान खोडलं आणि नव्यानं लिहायला लागली.

त्या संध्याकाळी मेसमध्ये मी दोनदा भात घेतला.